पत्रा आणि पत्र

९ फेब्रुवारी

गेली नऊ वर्षं तू दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला चष्म्याच्या दुकानावर फोन करतोस आणि आईंची चौकशी करतोस. हे तुला माहीत असावं म्हणून हे पत्र.

दचकू नकोस. असा एकही फोन तू केलेला नाहीस, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. पण तुझ्या आईला मी तसं सांगत आले. तू परत येणार नाहीस हे कळलं तेव्हा त्या तीन दिवस जेवल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याचा फोन आला होता दुकानावर. तुम्ही जेवता ना, विचारत होता." त्या उठल्या, हात धुतले आणि ताटावर बसल्या. मग काय, एकदा खोटं घरात आणलं की त्याला दर महिन्याला खाऊपिऊ घालावं लागतं.

हो, मी अजून इथेच आहे. घटस्फोटाचे कागद पोस्टाने आले त्या दिवशी मी बॅग भरायला काढली होती. आई दारात उभ्या राहिल्या. "कागद त्याचे नि तुझे. माझ्याशी कुठे काय झालंय तुझं?" बॅग परत माळ्यावर गेली. त्या कागदांवरचा तुझ्या गोदीतला पत्ता मात्र मी जपून ठेवला होता. तोच पाकिटावर घातला आहे.

आता मुद्द्याचं. आम्ही दोघींनी एक मोटारहोम घेतलं आहे. चाकांवरचं घर. आई त्याला घरगाडी म्हणतात. तिचं वय पंचेचाळीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

झालं असं, की एक निवृत्त मोजणीदार दुकानात चष्मा करायला आले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि आता समोरच्या फळ्यावरचं तिसऱ्या ओळीतलं अक्षर दिसेना. म्हणाले, "नंबर काहीही येऊ दे, गाडी चालवणं संपलं. माझी घरगाडी कुणाला हवी असेल तर सांगा." आई माझा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "बघायला काय जातंय?"

त्यांच्या घरामागे ताडपत्रीखाली ती उभी होती. गोल नाकाची, सायीच्या रंगाची, एका दिव्याची काच तडकलेली. आत दोन बाक, मोडून भिंतीला लावता येणारं टेबल, परातीएवढी मोरी, आणि छताला एक झडप, उघडली की चौकोनी आभाळ. आई बाकावर बसल्या, डोळे मिटले, आणि इतका वेळ बसल्या की मोजणीदार आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळू लागलो.

"ही घेऊ या."

"आई, आपल्याला स्कूटर धड लावता येत नाही."

"मग मोठी लावायला शिकू. लहान गोष्टी जमत नाहीत म्हणून काय मोठ्या सोडायच्या?"

मोजणीदार प्रामाणिक माणूस. म्हणाले, "इंजिन सुरू होईल. पण गाडी थांबेलच असं नाही." किल्ली देऊन झाल्यावर त्यांनी ती दोनदा परत मागितली. एकदा आतला टॉर्च काढायला. एकदा कशालाच नाही.

ओढून आणली. आता अंगणात आहे. आली, ऐसपैस बसली आणि हलायचं नाव नाही, म्हणून तिचं नाव आम्ही आत्याबाई ठेवलं आहे.

उत्तर नको. फक्त कधी चुकून आईंशी बोलणं झालंच, तर ते फोन तू केले होतेस एवढं सांभाळ.


२ मार्च

उत्तर नको म्हटलं आणि आलंही नाही. तू निदान सांगितलेलं ऐकतोस.

गल्लीच्या टोकाला नवे पत्रेवाले आलेत. तू असताना नव्हते. टाक्या, पन्हाळी, पेट्या असलं करतात. त्यांना बोलावलं. ते आत्याबाईंभोवती एक फेरी मारून आले, मग बोटाच्या पेराने जागोजागी ठोकून, कान लावून ऐकलं. डॉक्टर पाठीवर ऐकतात तसं. शेवटी खिशातला पेचकस काढून दाराखाली टेकवला. टोचला नाही, नुसता टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"बाई," ते म्हणाले, "हिच्यात पत्रा कमी आहे. रंगच उभा आहे."

तेव्हापासून आम्ही तिला सोलतोय. मी दुकानातून आले की आणि सुट्टीच्या दिवशी दिवसभर. मोरीखालची जमीन दुधात भिजलेल्या पावासारखी हाताने निघाली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. बाकाखाली उंदरांचं घरटं सापडलं, पूर्ण कागदाचं. उलगडून बघते तर रस्त्यांचे नकाशे! बारीक कुरतडलेले, निळ्या नद्या आणि लाल रस्ते एकत्र कालवलेले. त्यात झोपणाऱ्या पिल्लांना काय स्वप्नं पडत असतील, हा विचार मी दोन दिवस करतेय. दुकानात एका गिऱ्हाइकाची डावी काच उजव्या बाजूला बसवली.

आईंनी शाळेच्या प्रयोगशाळेतला आपला जुना पांढरा कोट काढलाय. एकतीस वर्षं बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, ती सवय कुठे जाते? निघालेला प्रत्येक स्क्रू एका बाटलीत आणि बाटलीवर चिठ्ठी : "डावी खिडकी, वरून तिसरा, हट्टी." पत्रेवाले आधी हसले. आता तेच विचारतात, "ताई, हट्टी कुठे ठेवलाय?"

गाडी दोघींच्या नावावर करायला कचेरीत गेलो होतो. कारकुनाने विचारलं, "एकमेकींचं नातं?"  कागदोपत्री मी तुझ्या आईची कुणीच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं.

आई म्हणाल्या, "सहप्रवासी लिहा."

"असा रकाना नाही."

"मग तुमचा रकाना चुकलाय."

मागे रांग खोळंबली होती. त्याने "इतर" लिहिलं. घरी येताना आई अर्ध्या रस्त्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "इतर म्हणे!" आणि माझा हात धरून चालू लागल्या. त्यांना हात धरून चालणं आवडत नाही, तुला माहीत आहेच.


१९ एप्रिल

अंगणाचा रंग बदलला आहे. आत्याबाई आता समुद्राच्या रंगाच्या आहेत. म्हणजे ज्या समुद्राचा रंग मी मनात धरते त्याच्या.

तो रंग तू निवडलास. सांगते. आईंनी विचारलं, "ह्या महिन्याचा फोन आला का? गाडीचं सांगितलंस त्याला? कोणता रंग द्या म्हणाला?" मी काचा पुसत होते, पटकन सुचलं ते बोलले, "निळा. हिरवट निळा."

आई म्हणाल्या, "त्याला निळा कधी आवडत नसे." मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "बदलला असेल," त्या म्हणाल्या. "एवढं पाणी बघून माणूस बदलतो."

आतून सगळं नवं झालंय. नवी प्लायची जमीन, भिंतींना पातळ फळ्या, बाकांवर गाद्या, खिडक्यांना मी शिवलेले पडदे. ब्रेक आले, बॅटरी आली. इंजिन पत्रेवाल्यांच्या मेहुण्याकडे आहे, त्यामुळे पुढचा खड्डा रिकामा. पण आम्हाला कुठे घाई आहे? सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघी आत जाऊन दार लावून घेतो. चहाचा थर्मास मधे. आई उजव्या खिडकीशी, मी डाव्या. शेजाऱ्यांच्या भिंतीवर उन्हाचा पट्टा सरकत असतो आणि आई म्हणतात, "आज पाणी शांत आहे." मी म्हणते, "पलीकडचा किनारा दिसतोय."  झडपेतून ढग जातात आणि थोडा वेळ खरंच कळत नाही, ते चाललेत की आपण. एकदा तर मी उतरताना पाय जपून टाकला, जणू खाली वाळू असेल.

एक कबूल करायचं आहे. तोंडावर कधी केलं नसतं. मी बनवलेला तू चांगला आहेस. तो दर महिन्याला न चुकता फोन करतो. आईंच्या गोळ्यांची नावं त्याला पाठ आहेत. मागच्या हिवाळ्यात मला ताप होता तेव्हा त्याने, आईंच्या आधी, माझी विचारपूस केली. हे आईंना सांगायची काही गरज नव्हती. तरी मी सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज बदलला. तेव्हा मला कळलं, की हे फोन नुसते त्यांच्यासाठी नव्हते.

असो. पडदे पिवळे आहेत.


२७ मे

चार दिवस पाऊस पडतोय आणि आत्याबाई आतून रडतायत.

पहिल्या दिवशी एक थेंब. टप. गादीच्या बरोबर मधे. आम्ही भांडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तीन भांडी. आज सकाळी मी भिंतीच्या फळीवर हात ठेवला तर ती फुगलेली होती, आजारी माणसाच्या पावलासारखी. दाबली तर पाणी आलं. मी दोन महिने घासून, पॉलिश करून लावलेली फळी.

पत्रेवाले आले, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सगळं सजवलंत नि छप्पर विसरलात! मला का नाही विचारलंत?" विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. पहिलटकरणी आम्ही. वर चढून त्यांनी थेंबाच्या बरोबर वर फटी बुजवायचा मसाला थापला. तासाभराने पुन्हा टप. हातभर पुढे थापला. पुन्हा टप.

आई बादली मांडीशी घेऊन बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "विकून टाक."

"आई, तुमच्यासाठी घेतली ना आपण?"

"माझ्यासाठी, माझ्यासाठी! माझ्यासाठी काही करायचं थांबव आता. दमले मी." आणि बादली तिथेच ठेवून घरात गेल्या. सकाळपासून बोललेल्या नाहीत. आत भांड्यांचाही आवाज नाही. भांडी सगळी गाडीत आहेत.

म्हणून आज तुला रागाने लिहितेय, कुणावर तरी काढायला हवा. तुझे बाबा गेले तेव्हा तू भर समुद्रात होतास. तुझ्या हातात काहीच नव्हतं, हे आईंनाही माहीत होतं. चार दिवसांनी तुझा फोन लागला आणि आई म्हणाल्या, "आता येऊन काय करणार आहेस?" मी शेजारी उभी होते. तो प्रश्न होता रे. त्याला उत्तर हवं होतं. तू त्याला निरोप समजलास. पुढच्या बंदरावर उतरलास, तिथेच कामाला लागलास आणि मला कागद पाठवलेस. भांडून गेला असतास तर मी निदान भांडले असते. तू तर नुसता आला नाहीस.

झालं. आता खरा प्रश्न विचारते, आणि ह्याचं उत्तर हवं आहे. तू जहाजं दुरुस्त करतोस. छत पत्र्याचं, दोन भाग मधोमध जोडलेले, सांध्यावरून चपटी पट्टी, पट्टीला ओळीने स्क्रू. झडप पुढच्या बाजूला. गाडी मागे किंचित उतरती उभी आहे. पाणी मागच्या गादीवर पडतं, झडपेपासून पाच हात लांब. थेंबाच्या वर सगळं कोरडं. मग पाणी येतं कुठून?


१८ जून

तुझं पत्र मिळालं.

नऊ वर्षांनी आलेलं पत्र इतकं छोटं असेल असं वाटलं नव्हतं. ते मला इतक्या वेळा वाचावं लागेल असंही वाटलं नव्हतं. तू लिहिलंस :

"पाणी टपकतं तिथून येत नसतं. वर आणि पुढे बघा. बहुतेक झडपेच्या चौकटीतून शिरून सांध्याच्या आतून मागे वाहतंय. जुन्या मसाल्यावर नवा थापू नका, चिकटत नाही. सगळा खरवडून काढा, स्क्रूसुद्धा काढा, भोकं साफ करा, दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग भरा. घाई करू नका."

बस. वर नाव नाही, खाली नाव नाही.

पत्र दुकानावर आलं होतं. मी घरी आणलं आणि विचार केला, आता हे आईंना कसं सांगू? फोनवर सांगितलं म्हणू? मग वाटलं, कागद दाखवावा. नऊ वर्षांत पहिल्यांदा दाखवण्यासारखं काही हातात होतं. मी म्हटलं, "आई, ह्या वेळी त्याने पत्र पाठवलंय. तुमची खूप..."

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. शेवटी माझ्या मनाचं एक वाक्य घातलं, आईंना नमस्कार असं काहीतरी. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, आणि भिंग लावून स्वतः वाचला. दोनदा. मग त्यावरून तळहात फिरवला.

"हे मात्र त्याचंच आहे," त्या म्हणाल्या.

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"ह्यात माझी चौकशी नाही ना. म्हणून."

 कधीपासून माहीत होतं, मी विचारलं. तर म्हणतात, दुसऱ्या महिन्यापासून. "अगं, त्याला माझ्या गोळ्यांची नावं पाठ होती म्हणालीस. तो पोरगा स्वतःच्या वर्गशिक्षकांचं नाव विसरायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगायला आलीस की तुझा चेहरा उजळायचा. मला वाटलं, हिलाच गरज आहे त्याची. कशाला मोडा? मीही विचारत राहिले, ह्या महिन्यात आला का फोन म्हणून. तुझ्यासाठी हो."

म्हणजे बघ. नऊ वर्षं मी त्यांच्यासाठी तुला फोन करायला लावतेय, आणि त्या माझ्यासाठी तो फोन ऐकतायत. आधी मी रडले. मग त्यांना हसू फुटलं. "आणि काय गं, मला काय कळत नाही? बाहेर पत्रा ठोकणं चाललंय नि आत पत्र लिहिणं! शाईचे डाग बोटांना घेऊन जेवायला बसतेस." आम्ही इतक्या हसलो की पत्रेवाले कुंपणावरून डोकावले.

मग आई म्हणाल्या, "चल. वर आणि पुढे बघू या."


५ सप्टेंबर

तू सांगितलंस तसंच निघालं. झडपेच्या चौकटीत, पुढच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी भेग. तिथून शिरलेलं पाणी सांध्याच्या आतून गुपचूप पाच हात चालत जायचं. आम्ही सगळा मसाला खरवडला. अकरा दिवस लागले. मी शिडीवर, आई खाली बाटल्या घेऊन. एकशे चार स्क्रू, एकशे चार चिठ्ठ्या. भोकं साफ केली, वाळवली, मग भरली. घाई केली नाही. त्यानंतर दोनदा दिवसभर पाऊस झाला आणि मी गादीवर पालथा तळहात ठेवून बसले. कोरडी.

इंजिन परत आलं. मला पत्रेवाल्यांच्या मेहुण्यांनी मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली. आत्याबाईंना वळायला सांगितलं की आधी त्या विचार करतात, मग वळतात. गिअर टाकताना अख्ख्या गाडीला उचकी लागते. पण रस्त्यावर आल्या, की पिवळे पडदे हलतात, कपाटातले पेले बारीक किणकिणतात, आणि समोरची मोठी काच एवढं जग आत ओतते की मला भीती वाटायची राहून गेली.

परवा तळ्याकाठी थांबलो होतो. धुकं होतं, पाणी कुठे संपतं कळत नव्हतं. आईंना मी शेवटी विचारलं, "गाडीच का हवी होती तुम्हाला?"

त्यांनी काच पुसली. "कुणाकडे जायचं तर त्याच्या दारात उभं राहावं लागतं. ये म्हणेल का, आत घेईल का, किती दिवस ठेवून घेईल. माझ्याच्याने ते होणार नाही. आपलं घर बरोबर असलं तर नुसतं जवळून जाता येतं. लांबून खिडकी बघायची, दिवा लागलाय का बघायचं, आणि आपल्या घरात चहा करून प्यायचा. कुणाला त्रास नाही."

दुकानात डबा ठेवला आणि "बघायला काय जातंय" म्हणाल्या, तेव्हापासून त्यांच्या मनात तुझं बंदर होतं.

म्हणून हे लिहितेय. दोन ऑक्टोबर ते पाच ऑक्टोबर, आम्ही तुझ्या गावच्या दीपगृहामागच्या मोकळ्या जागेत असू. हिरवट निळी गाडी, चुकायची नाही. तुला कळवलंय हे आईंना मी सांगितलेलं नाही. आलास तर ये. नाही आलास तर आम्ही आमच्या घरात आहोत, ताटकळत नाही. ह्या वेळी तू आलास असं मी त्यांना खोटं सांगू शकणार नाही, एवढंच.


१४ ऑक्टोबर

तू सव्वा तास होतास. त्यातलं जे तू पाहिलं नाहीस ते लिहिते.

पहिले दोन दिवस आई खिडकीशी बसून होत्या. गोदीच्या दिशेने माणसं कामाला जायची, परत यायची. त्या प्रत्येकाची चाल बघायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "तो बघ." मला तर कुणी ओळखीचं दिसेना. तुझे केस विरळ झालेत, तू वाकून चालतोस. मी बनवलेला तू अजून अडतीस वर्षांचा होतास. त्यांनी मात्र शंभर पावलांवरून ओळखलं, आणि पटकन पडदा ओढून घेतला, लहान मुलीसारखा.

त्या पडद्याच्या फटीतून बघत होत्या तेव्हा तू आधी आमच्याकडे न येता गाडीमागच्या शिडीवर चढलास आणि छताच्या सांध्यावर पेराने ठोकलंस. आई कुजबुजल्या, "आला की आधी काम बघतो. बाप तसाच." मी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. 

"सांधा चांगला बसलाय," तू दारातून म्हणालास.

"आत ये. डोकं सांभाळ," त्या म्हणाल्या, आणि तू डोकं आपटलंस.

मी बनवलेला तू कधीच आपटला नसतास. तेवढ्या एका आवाजाने तो गेला. तू कपाळ चोळत बाकावर बसलास आणि मला बरं वाटलं. ज्याला लागतं असा माणूस होता तो. त्याच्याविषयी मला राग नव्हता, ओढ नव्हती, चहात साखर किती घेतो तेही आठवत नव्हतं.

मग तुम्ही दोघं रबराच्या पट्ट्यांवर बोललात, ब्रेकवर बोललात, खाऱ्या हवेत पत्रा किती टिकतो ह्यावर बोललात. मला वाटलं, संपलं, आता हा उठेल. आणि तू खाली बघत विचारलंस, "तुझे गुडघे कसे आहेत?"

मी तेव्हाच बाहेर गेले, ते रुसून नव्हे. दगडावर जाऊन बसले. दार उघडं होतं, ऐकू येत होतं. नऊ वर्षांत आईंनी मला गुडघ्यांविषयी "ठीक आहेत" ह्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. तुला त्यांनी डावा गुडघा पहिल्या वर्षापासून सांगितला, मग उजवा. कोणत्या जिन्यावर पहिली कळ आली, कोणत्या पावसात सूज आली, कोणतं तेल वाया गेलं. तू मधे मधे "हं" म्हणत होतास. एकदा तुझं "हं" आलं नाही. मग आईंचा आवाज आला, "अरे, मी विचारलं होतं तुला. येऊ नको म्हटलं नव्हतं."  पुढे तू काय म्हणालास ते लाटांच्या आवाजात मला कळलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

तू गेल्यावर त्या आडव्या झाल्या आणि दार सताड उघडं असताना, वाऱ्यात, भर उन्हात, तोंड उघडं टाकून झोपल्या. सूर्य पाण्याला टेकेपर्यंत. मी त्यांच्या पायाशी बसून होते. पडदे फुगत होते, सैल पडत होते. गाडी उभीच होती, पण मला सारखं वाटत होतं की आम्ही हळूहळू कुठेतरी वाहत चाललोय, आणि ते बरं वाटत होतं.

उठल्यावर पहिलं वाक्य, "अगं बाई, सगळा वेळ मी गुडघ्यांवरच बोलले?"

मी म्हटलं, "त्याला ऐकायचं होतं."

"हं," त्या म्हणाल्या. "आता माझ्या फोनवर करतो म्हणालाय. करेल का गं?"

मला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "माहीत नाही, आई." त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवला. काल तुझा फोन आला, चार मिनिटं. त्या मला सांगायला धावत आल्या नाहीत. आपल्यापाशीच ठेवला. तसंच राहू दे. तुमच्या दोघांच्या मधे आता मी नको. दर महिन्याला नाही जमलं तर करू नकोस, पण करशील तेव्हा तूच कर.

माझ्याकडून हे शेवटचं. रागाने नाही. सांगायचं होतं ते संपलं, म्हणून.

अक्षर हलतंय त्याची माफी. आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला निघालोय आणि गाडी आई चालवतायत. त्यांच्याकडे परवाना आहे, शाळेची सामानाची गाडी त्या सहा वर्षं चालवत होत्या, आणि तो परवाना त्यांनी दर वेळी गुपचूप नवा करून घेतला होता, हे मला बावीस वर्षांनी आज सकाळी नाश्त्याला कळलं. "तू कधी विचारलंस?" म्हणाल्या. मांड्यांखाली दोन उशा घेतल्यात. पाठ ताठ. ओठ घट्ट मिटलेले. डावीकडे पाणी आहे, उजवीकडे गवत, आणि पुढे रस्ता टेकडीला वळसा घालून दिसेनासा होतो. वळण जवळ येतंय. त्यांनी वेग कमी केलेला नाही.

लिहिणं थांबवते. मला बघायचंय.